तीन कॉइल आणि एक ओव्हरटेक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागचं लिखाण आईच्या आंबोळ्यांवर होतं, त्यामुळे आज एकदम गाडीच्या इग्निशन कॉइलवर लिहिलेलं बघून काही मंडळी दचकतील. मामी, तू निम्म्यात सोडून जाऊ नकोस, यात तुझी नणंद पण आहे :)

तर झालं असं. गणपतीनंतर आईला माणगावहून पुण्याला घेऊन येत होतो. ताम्हिणी घाट चढताना पुढे विटांनी भरलेला टेम्पो होता. बराच वेळ त्याच्या मागे धूर खात बसलो, मग जरा सरळ रस्ता दिसला म्हणून बाहेर काढली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एरवी दाबला की पाठ सीटला टेकते. त्या दिवशी गाडीने दोन-तीन गचके दिले आणि बसलीच. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. समोरच्या वळणावरून एसटी आली. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून मी कसाबसा परत आत घुसलो. त्या माणसाचा चेहराही मला दिसला नाही, पण त्याचे उपकार आहेत.

आई काहीच बोलली नाही. ताम्हिणी गाव आल्यावर चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "तुझ्या बाबांची गाडी हळू जायची रे, पण जायची."

मी चहाकडे बघत बसलो. कारण आईला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. गाडी मीच बदलली होती.

माझी गाडी म्हणजे तीन सिलिंडरची लहानशी टर्बो पेट्रोल हॅचबॅक. गेल्या वर्षी मी तिचं रीमॅप करून घेतलं. म्हणजे एकाने लॅपटॉप जोडला, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलले, आणि तासाभरात टर्बो आधीपेक्षा जास्त हवा कोंबायला लागला. बाहेरून काही दिसत नाही. बायकोला सांगितलं होतं की "सॉफ्टवेअर अपडेट केलं". अगदीच खोटं नाही, पण खरंही नाही.

पुण्यात आल्यावर गॅरेजवाल्याने मशीन लावून बघितलं. पी०३०२, म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर मिसिंग करतंय. त्याने दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला लावली आणि तीनची दोनला. चक्कर मारून आलो तर आता पी०३०३. कॉइलबरोबर रोगही सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. बिनपैशाची आणि बिनचूक तपासणी. कोणी मशीन न लावता, अदलाबदल न करता थेट "तिन्ही बदला" म्हणालं, तर आधी हे करायला सांगा.

आता प्रश्न आला नवीन कॉइल कुठल्या घ्यायच्या, आणि इथेच माझ्यातला हौशी माणूस जागा झाला. रात्री दोनपर्यंत बघत बसलो होतो. लाल कॉइल, निळ्या कॉइल, 'जास्त व्होल्टेज', 'जास्त पिकअप', किंमत ओरिजिनलच्या जवळपास दुप्पट. डोक्यात हिशोब अगदी सोपा होता. गाडी तगडी केली, तर कॉइलही तगडी पाहिजे.

हा हिशोब चुकीचा का वाटतो, ते घरच्या मंडळींनाही कळेल असं सांगायचा प्रयत्न करतो.

पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. प्लगच्या दोन टोकांमध्ये मिलिमीटरभराहून कमी फट असते, तेवढी ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात, आणि बॅटरी तर १२ व्होल्टची. ही उडी कॉइल मारते. आत तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचं थोड्या वेढ्यांचं आणि एक केसासारख्या तारेचं हजारो वेढ्यांचं. पहिल्यातून प्रवाह सोडायचा आणि एकदम तोडायचा, की दुसऱ्यात प्रचंड दाब तयार होतो. १८३६ साली आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात शिकवणाऱ्या निकोलस कॅलन नावाच्या धर्मगुरूने अशी कॉइल बनवली होती. १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकच्या गाड्यांसाठी ती बॅटरीला जोडून इग्निशन बसवलं. आज प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल बसते, पण तत्त्व तेच आहे.

आता गंमत बघा. हवा जितकी दाबलेली, तितकी ठिणगीला ती ओलांडणं अवघड. किती व्होल्ट लागतील हे हवेचा दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं, हे फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ सालीच दाखवलं होतं. म्हणजे रीमॅप करून मी सिलिंडरमधला दाब वाढवला, तेव्हाच कॉइलचं काम वाढवलं होतं. त्यात प्लग जुने. प्लग झिजला की फट वाढते. गुणाकारातल्या दोन्ही संख्या मीच वाढवल्या आणि खापर मात्र कॉइलवर! रोजच्या रस्त्यावर काही कळलं नाही, कारण तिथे दाब कमी असतो. घाटात, चढावर, पूर्ण बूस्टला कळलं. म्हणजे नेमकी गरज होती तेव्हा.

मग जास्त व्होल्टची कॉइल का नको? कारण कॉइल दर वेळी आपले सगळे व्होल्ट देत नाही. ठिणगी पडायला लागतात तिथपर्यंतच ते चढतात आणि ठिणगी पडली की खाली येतात. घरात पन्नास पानांची भांडी आहेत म्हणून रोज पन्नास पानांचा स्वयंपाक होत नाही. जिथे पेट्रोल आधीच नीट पेटतंय तिथे चाळीस हजारांच्या जागी साठ हजारांची कॉइल लावून पिकअप वाढत नाही. खोक्यावर छापलेला आकडा म्हणजे माळ्यावरची भांडी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉइल 'भरायला' वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरला सेकंदाला ५० ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये २० मिलिसेकंद. त्यातले दोन-चार मिलिसेकंद कॉइल भरण्यात जातात. नक्की किती वेळ भरायची, याचं कोष्टक गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतं आणि ते मूळ कॉइलसाठी बनवलेलं असतं. वेगळी कॉइल लावली आणि कोष्टक तेच ठेवलं, तर ती अर्धवट भरेल नाहीतर जास्त भरून तापेल. अर्धवट भरलेली 'तगडी' कॉइल साध्या कॉइलपेक्षा दुबळी. आणि या कॉइल आधीच प्लगच्या विहिरीत, इंजिनाच्या डोक्यावर शिजत असतात. त्यांना आणखी ताप नको.

अर्थात ज्यांनी टर्बोच मोठा बसवलाय, फट कमी करूनही पूर्ण बूस्टला ठिणगी विझते, आणि ज्यांचा ट्यूनर ते कोष्टकही बदलून देतो, त्यांना वेगळी कॉइल लागू शकते. माझी गाडी ती नव्हे. आपल्या बहुतेकांच्या गाड्या त्या नव्हेत.

तर मी काय केलं? मूळ नंबरच्याच तीन कॉइल घेतल्या, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. डुप्लिकेट मालाचं खोकंही हुबेहूब असतं, त्यामुळे अर्ध्या किमतीत मिळतंय म्हणून हुरळून जायचं नाही. तिन्ही बदलल्या कारण तिघी एकाच वयाच्या, एकाच उन्हातल्या. जुन्यातली एक चांगली कॉइल आणि ती काढायचं पान्याचं टोक डिकीत ठेवलंय. प्लग नवे, एक पायरी थंड. इथे एक सांभाळा, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. फट थोडी कमी करून घेतली. प्लगच्या विहिरीत तेल उतरलेलं नाही ना, कनेक्टरचं प्लास्टिक तडकलेलं नाही ना, तेही बघून घेतलं. लुकलुकणारा दिवा दिसला की पाय काढायचा हेही शिकलो, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खातं, आणि त्याची किंमत ऐकून कॉइल फुकट वाटायला लागतात.

आणि शेवटी रीमॅपवाल्याकडे जाऊन बूस्ट थोडा उतरवून घेतला. तो हसला. म्हणाला, "लोक वाढवायला येतात." मी काही बोललो नाही.

माझं मत एवढंच आहे. गाडी बनवणाऱ्याने प्रत्येक भागात थोडी शिल्लक ठेवलेली असते. उन्हासाठी, झिजेसाठी, घाटासाठी, चुकलेल्या अंदाजासाठी. रीमॅप म्हणजे त्या शिलकीतून उचल. मी ती केली, मजाही आली, नाही म्हणत नाही. पण उचल केलेली असताना आईला मागे बसवून मी ओव्हरटेक केला, जणू शिल्लक अजून आहेच. लाल रंगाच्या कॉइल घेऊन ती परत भरता आली नसती. उलट ती भरलीय असं मला वाटलं असतं, आणि ते जास्त वाईट.

असो. बायकोला आता सगळं सांगितलंय. तिने एकच विचारलं, "वॉरंटीचं काय?" रीमॅप सापडलं तर कंपनी इंजिनाची वॉरंटी नाकारू शकते, हे मला माहीत होतं. तिला आत्ता कळलं. त्या संभाषणाचा वृत्तांत इथे देत नाही.

आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर तिला परत माणगावला सोडायचंय, तेव्हा सांगेन. टेम्पोच्या मागे असताना बोलायला वेळच वेळ असेल.