रंग माशाचा की मोबाईलचा?

'आमची टाकी' या सदरासाठी तुम्ही पाठवलेले फोटो मी रविवारी सकाळी चहाबरोबर पाहत बसतो. या खेपेला एक गोष्ट फार खुपली. निऑन टेट्राचा निळा पट्टा दुकानाच्या पाटीसारखा पेटलेला, आणि त्याच टाकीतली वाळू जांभळट. वाळू जांभळी नसते. मोबाईलमधली रंगाची पट्टी उजवीकडे सरकवली की रंग माशाला चढतो तसा वाळूलाही चढतो, आणि वाळू चुगली करते.

हौसेसाठी कुणी घरातल्या भिंतीवर काहीही लावावं. पण आपल्या वाचकांत पिल्लं काढून विकणारे आहेत, दुकानदार आहेत. फोटोवर भाळून मी एकदा गर्द निळा फायटर मागवला, पिशवीतून निघाला राखाडी. विकणाऱ्याचं म्हणणं, "प्रवासात रंग उतरलाय साहेब, दोन दिवसांत येईल." प्रवासाने मासा फिका पडतो हे खरंच असतं, तीच तर पंचाईत. मी तीन आठवडे वाट पाहिली. मासा राखाडीच राहिला, आणि अगदी मजेत होता.

रंग ही माशाची तब्येत सांगणारी खूण आहे. डिस्कस बिथरला की अंगावरचे उभे पट्टे गडद होतात. निऑनचा निळा तर रंगद्रव्याचा नव्हेच. त्वचेतल्या ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून परतणारा तो उजेड. कोन बदलला की छटा बदलते, रात्री दिवे मालवले की पट्टा मंदावतो. म्हणून पाणी बदललं त्या दिवशी, किंवा नवा मासा सोडल्याच्या आठवड्यात, कॅमेरा काढूच नये. टाकी रुळू द्यावी. रोजच्या खाण्याच्या वेळेआधी पंधरा मिनिटं खुर्ची टाकून बसावं. मासे आपण होऊन पुढे येतात, पंख उघडतात.

काचेची तयारी मात्र आपली. आतलं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडावं, बोअरच्या पाण्याचे बाहेरचे पांढरे डाग व्हिनेगरच्या फडक्याने पुसावेत. खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले. तरीही काचेत तुमचा पांढरा बनियन दिसतोच. आमच्याकडे यावर जुना काळा परकर आहे: नाडीच्या जागी भिंग बाहेर काढायचं, बाकी घेर कॅमेऱ्यावर आणि काचेवर पसरायचा. घरचे हसतात, प्रतिबिंब जातं. भिंग काचेला समोरासमोर धरा. तिरकं धरलंत की काच आणि पाणी मिळून किरण असे वाकवतात की माशाच्या डोळ्याच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि खवले लोण्यासारखे पसरतात. मग कॅमेरा लाखाचा असला तरी उपयोग नाही.

प्रकाश वरून हवा. ओढ्यात माशावर ऊन वरूनच पडतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की काचेत पांढरा गोळा आणि खवल्यांवर चकाकी, एवढंच हाती लागतं. जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) मुळात निसर्गाचे छायाचित्रकार. आपल्या वनस्पतींच्या टाक्या टिपताना ते फ्लॅश टाकीच्या वर टांगत. आपल्याला एकच पुरे: झाकणाच्या काचेवर, खाली दुधी प्लास्टिकचा तुकडा ठेवून, रेडिओ ट्रिगरने. शटर १/२००, छिद्र एफ ८ ते ११, आयएसओ २०० च्या आसपास. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून छोटा असतो, त्यामुळे वळणारा मासाही थिजतो. फोन असेल तर त्याचा फ्लॅश बंद, पडद्यावर बोट माशाच्या डोळ्यावर, उजेड किंचित कमी. फोटोवर आडवे काळे पट्टे उमटत असतील तर एलईडीचा डिमर पूर्ण वर करून पाहा. बरेच दिवे मंद करताना भराभर चालू-बंद होत असतात.

लाकडाच्या अर्काने पाणी चहासारखं झालेल्या टाकीत कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा आत धरून त्यावर व्हाइट बॅलन्स लावता येतो. पण मग चहा नाहीसा होतो, आणि मला ते पटत नाही. डोळ्यांना दिसतं तितपत तांबूसपण राहू द्यावं.

आता माझी चूक. मागे रॅम माशांच्या जोडीचा फोटो घेताना पाण्यातला कचरा बसावा, पानं हलू नयेत म्हणून फिल्टर आणि एअर पंप दोन्ही बंद केले. फोटो उत्तम आला. त्या आनंदात जेवलो, झोपलो. बटणं तशीच. सकाळी टाकीतले कॉरी मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळत होते, ते तगले. जोडी गेली. तेव्हापासून फिल्टर बंद करताना मी मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावतो. फायटरला आरसा दाखवून कल्ले फुलवणाऱ्यांनीही असाच गजर लावावा. दोन मिनिटं झाली की आरसा काढायचा.

खऱ्या रंगाचा आग्रह आणखी एका कारणाने धरतो. संग्रहालयाच्या बाटलीत, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माशाचे लाल-पिवळे रंग विरून जातात, काळे ठिपके तेवढे उरतात. गोवा-कर्नाटकातला सेटनाई बार्ब छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये नोंदवला; केरळच्या डेनिसन बार्बचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्येच केलं होतं. अशा माशांच्या अंगावरची लाली जिवंतपणी नेमकी कशी होती, हे जिवंत माशाचा प्रामाणिक फोटोच सांगू शकतो. सह्याद्रीतले मासे पाळणाऱ्या वाचकाकडे हा पुरावा नकळत साठत असतो. रंगाची पट्टी सरकवली की तो पुरावा राहत नाही.

तेव्हा पुढच्या अंकापासून सदरासाठी कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवा, सोबत तीन ओळी: टाकी केवढी, दिवा कोणता, मासा किती दिवस तुमच्याकडे आहे. कातरकाम चालेल, रंगकाम नाही. फोटोसाठी मासा जाळीने धरून वेगळ्या डब्यात टाकला असेल, तर तो फोटो आम्ही छापणार नाही.