खूर पाहता, मग पाय का नाही?

बैल जरा लंगडला की आपण लगेच त्याचा खूर उचलून पाहतो. पण घरातल्या मधुमेही माणसाचे तळपाय शेवटचे कधी पाहिले, सांगा बरे?

गेल्या खरिपात सोयाबीनच्या पाहणीला एका गावी गेलो होतो. तिथले एक जाणते शेतकरी, शुगर दहा वर्षांची. पायात बाभळीचा काटा मोडला, पण दुखलेच नाही. आठवड्याने पाय सुजून काळा पडला, तेव्हा दवाखाना गाठला. दोन बोटे गेली. "गोळ्या तर रोज घेत होतो की साहेब," म्हणाले. गोळ्या होत्या, शुश्रूषा नव्हती.

जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्त कमी पोहोचते. म्हणून दुखत नाही म्हणजे जखम नाही, असे समजू नका. रोज संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि उजेडात तळवा पाहा. नजर कमी असेल तर मुलाने किंवा नातवाने पाहावा. हे काम एकट्या सुनेचे नव्हे. अनवाणी शेतात जाऊ नये. कुरूप ब्लेडने कापू नये, पाय शेकू नयेत.

दुसरी गोष्ट सुईची. सकाळी इन्शुलिन टोचून माणूस रानात जातो आणि भाकरी दुपारी पोहोचते. मग घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. ही साखर उतरल्याची खूण. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, नंतर भाकरी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. फवारणीच्या दिवसांत असाच घाम विषबाधेनेही सुटतो. म्हणून दवाखान्यात नेताना औषधाचा डबा सोबत न्या आणि हा माणूस इन्शुलिन घेतो, हे आधी सांगा.

इन्शुलिनची नवी बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले इन्शुलिन वाया गेले म्हणून समजा. फ्रीज नसेल तर पिशवीत बांधून ओल्या मडक्यात, सावलीला ठेवा. उपवास म्हणून सुई किंवा गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले ते १९२२ साली, टोरांटोत. त्याला शंभर वर्षे उलटली. आज आपल्या उपकेंद्रातही साखर तपासून मिळते, कागदावर आकडा लिहून मिळतो. पण त्या आकड्याचे घरी करायचे काय, हे घरच्यांना कोण शिकवणार? पिकांसाठी आम्ही बांधावर शेतीशाळा भरवतो. तशीच शुश्रूषेची शाळा गावोगाव आरोग्यसेविकांनी भरवावी, अशी आमची मागणी आहे. माणसे गोळा करायचे काम आम्ही करू.

तोवर आज दिवेलागणीला एवढे करा. वडिलांचा पाय मांडीवर घ्या आणि नीट पाहा. शेती त्याच पायांवर उभी आहे.