चार फुटांचा समुद्र

पांढरकवड्याहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला निदान पाचशे किलोमीटर तुडवावे लागतात. उन्हाळ्यात जिथे गोड्या पाण्याचीच चिंता, त्या कापसाच्या मुलखात खाऱ्या पाण्याची हौस कोणी करावी? ती मी केली. मराठी शिकवणाऱ्या माणसाला वेड लागायला फारसे कारण लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी दीड फुटाची काचेची पेटी घरात आली. तीत क्लाउनफिशची जोडी; नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, जणू सोंग घेऊन निघालेली पोरे. गेल्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. मी कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा २६ अंशांवर राहायला हवे ते पाणी ३४ वर गेले होते आणि जोडीतली थोरली तरंगत होती. आईने तिला तुळशीच्या मुळाशी पुरले आणि ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी वर्गात वीस वर्षे समजावून देत आलो. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. थोडे पाणी लवकर तापते, लवकर नासते. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. चाळीस लिटरांतले दोन लिटर उडाले की खारटपणा सुमारे विसाव्या हिश्श्याने चढतो. अडीचशे लिटरांतले तेवढेच उडाले तर सव्वाशेव्या हिश्श्याने. मोठे पाणी आपल्या चुका पोटात घालते. म्हणून मी चार फुटांची पेटी घ्यायचे ठरवले.

घरात अर्थातच परिषद भरली. काच, दगड, पाणी मिळून वजन तीन क्विंटलांच्या घरात! आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "एवढा कापूस असता तर विकता तरी आला असता. याचे काय करणार?" आईचे म्हणणे वेगळेच होते. तिने जन्मभर विहिरीचे पाणी डोक्यावरून वाहिले आहे. ती म्हणाली, "आधी पाऊस पडू दे. मग भर तुझा समुद्र." ते मला पटले. श्रावणात, विहिरी भरल्यावर, थोडे थोडे शुद्ध केलेले पाणी साठवले. यंत्रातून वाया जाणारे पाणी भांड्यांना आणि फरशीला वापरले. मग लिटरला ३५ ग्रॅम, या हिशेबाने पावणेनऊ किलो समुद्री मीठ विरघळवले. विजेच्या भरवशावर न राहता हवेच्या पंपाला बॅटरी जोडली आणि पाण्यावर वारा घालणारा लहान पंखा बसवला. तत्त्व आपल्या माठाचेच.

राहिला प्रवाळांचा प्रश्न. एका दुकानदाराने फोनवर जिवंत प्रवाळ पाठवण्याची तयारी दाखवली. मी म्हटले, २००१ सालापासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. तो हसून म्हणाला, "सर, पांढरकवड्याला कोण बघायला येतंय?" खोटे कशाला सांगू, रात्रभर मोह झाला. पण टिपेश्वरचे जंगल आमच्या उशाशी आहे. तिथल्या वाघाबद्दल कोणी असे बोलला असता, तर मी त्याला घराबाहेर काढले असते. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ मला दिसत नाहीत, म्हणून न्याय बदलावा का? सकाळी नकार कळवला.

मग पेटीत घालायचे काय? उत्तर तासा-दीड तासाच्या वाटेवर निघाले. मुकुटबनच्या बाजूला चुनखडीचा दगड आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागावर समुद्र होता; त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. बांधकामाच्या ढिगातून चार दगड मागून आणले, घासून धुतले, वर लिंबू पिळून फेस येतो का ते पाहिले आणि पेटीत रचले. जुन्या पेटीतले दगडही त्यांच्यात ठेवले, कारण माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव त्यांवर वस्तीला असतात. ही वस्ती नव्या दगडांवर पसरायला सहा आठवडे लागले. तोवर येणारा जाणारा विचारी, "मासे कुठे आहेत?" मी म्हणे, "येतील."

मागे राहिलेला एकटा नर आधी सोडला, मग या दसऱ्याला त्याला एक लहान सोबती आणून दिला. या माशांची रीत न्यारी आहे. जन्मतः सारे नर. थोरली मादी गेली की तिचा जोडीदार हळूहळू स्वतःच मादी होतो. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "बाई गेल्यावर तरी तिचं काम अंगावर घेतात ना!" मी मुकाट्याने पेटीची काच पुसू लागलो.

परवा आईने देवापाशी दिवा लावला आणि खुर्ची पेटीसमोर ओढून बसली. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. बराच वेळ पाहून म्हणाली, "हे दगड आपल्याकडचे ना रे?" मी होय म्हटले. "मग हा आपलाच समुद्र," ती म्हणाली.