पाणी-तपासणीची कागदी पट्टी : इशारा, दाखला नव्हे

स्वच्छ दिसणारे पाणी पिण्यास सुरक्षित असतेच असे नाही. विष्ठेतून पाण्यात मिसळणारे रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि प्रयोगशाळा बहुतेक खेड्यांपासून दूर असते. या अडचणीवर भारतीय शास्त्रज्ञांनी चार दशकांपूर्वीच स्वस्त उपाय शोधला. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कागदी पट्टीची चाचणी जगापुढे मांडली.

ही पद्धत अत्यंत सोपी आहे. पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट व लोहाचा क्षार असलेल्या द्रावणात भिजवून वाळवलेला कागद निर्जंतुक बाटलीत ठेवलेला असतो. तीत सुमारे २० मिलिलिटर पाणी भरून बाटली रात्रभर उबदार जागी ठेवतात. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. लोहाशी त्याचा संयोग होताच पाणी काळे पडते. त्यासाठी वीज लागत नाही, तंत्रज्ञही लागत नाही.

तथापि, या चाचणीला मर्यादा आहेत. विष्ठेशी संबंध नसलेल्या जिवाणूंमुळेही पट्टी काळी पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००२ मध्ये झालेल्या आढाव्यातही याकडे लक्ष वेधण्यात आले होते. याउलट, पट्टी काळी पडली नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये. पट्टी मात्र त्याच्या पाचव्या हिश्श्याचीच परीक्षा घेते. विषाणू, फ्लोराइड किंवा आर्सेनिक यांचा तिला थांगच लागत नाही. दिल्लीत १९५५-५६ मध्ये आलेली काविळीची मोठी साथ पाण्यातील विषाणूमुळेच पसरली होती.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी-तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना आखण्यात आली. तपासणी गावाच्या हाती येणे स्वागतार्ह आहे. परंतु खरा प्रश्न पट्टी काळी पडल्यानंतरचा आहे. नमुना प्रयोगशाळेत कोणी पाठवायचा, पाण्यात क्लोरिन कोणी टाकायचे, फुटलेली वाहिनी कोणी दुरुस्त करायची आणि तोवर गावाने कोणते पाणी प्यायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. अन्यथा काही रुपयांची पट्टी आपले काम चोख बजावेल, आणि गाव मात्र दूषित असल्याचे ठाऊक असूनही तेच पाणी पीत राहील.