आठ मार्कांची ओल

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी

मित्रांनो, 'इमारतीत ओल येण्याची कारणे सांगून उपाय लिहा, आकृती काढा' हा प्रश्न आपल्या ब्रँचच्या प्रत्येकाने कधी ना कधी सोडवला असेलच. आठ मार्कांचा, हमखास येणारा प्रश्न! मीही सोडवला. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर, म्हणजे आपला डीपीसी, पेन्सिलीने छान शेडिंग करून दाखवला. सात मार्क पडले. गंमत म्हणजे घरी ज्या टेबलावर बसून मी त्या आकृतीचा सराव केला, त्याच्या मागच्याच भिंतीवर काळी बुरशी वर वर चढत होती. तिच्याकडे मी मान वळवून पाहिलं नाही. हा लेख त्या कापल्या गेलेल्या एका मार्काबद्दल आहे असं समजा.

आमचं घर जुन्या जालन्यात. मागची खोली आजीची. खाटेला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे निघायचे, खाली पांढरा लोणा फुटायचा आणि कोपऱ्यात काळे ठिपके. खोलीत शिरलं की कुबट वास. आजीला दमा आधीपासूनच आहे, पण गेली तीन-चार वर्षं पावसाळ्यात तिचा खोकला रात्रभर चालायचा. बाबांनी तीन वेळा रंग दिला. पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा पुट्टी मारून, तिसऱ्यांदा 'ओल येणारच नाही' असं सांगून विकलेला महागाचा. तिन्ही वेळा दिवाळीला भिंत नव्या नवरीसारखी आणि होळीला पुन्हा येरे माझ्या मागल्या!

हे हॉस्टेलवर सांगितलं तर रत्नागिरीचा मित्र खो खो हसला. म्हणाला, "अरे, तुमच्याकडे प्यायला पाणी नाही, भिंतीत कुठून आलं?"

प्रश्न टोमण्याचा होता, पण बरोबर होता. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर. मग ओल कशी? खूप दिवसांनी मला उत्तर सापडलं ते असं : पाणी नाही, म्हणूनच ओल आहे!

हे कोडं नाही. सांगतो. २०१२-१३चा दुष्काळ आठवा. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला होता. मी दुसरीत होतो, टँकरपुढे कळशी धरून उभा राहिल्याचं मला अजून आठवतं. पुढे जायकवाडीची पाइपलाइन आली, पण पाण्याची धास्ती गेली नाही. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी कधीच येत नाही. आठवड्याने, कधी दहा दिवसांनी येतं. मग काय, जिथे जागा सापडेल तिथे साठवण. कुणाचा हौद जिन्याखाली, कुणाचा न्हाणीशेजारी, कुणाचा थेट स्वयंपाकघराच्या फरशीखाली. त्यातले कितीतरी घाईघाईत, विटांत बांधलेले, आतून नुसता गिलावा केलेले. आमचाही त्यातलाच. त्याच उन्हाळ्यात बाबांनी गवंडी गाठून चार दिवसांत बांधून घेतला, आणि जागा वाचावी म्हणून तो टेकवला आजीच्या खोलीच्या भिंतीला.

आता हे मी दोन ओळींत लिहिलं, पण कळायला मला तीन वर्षांची डिग्री आणि एक एजंट लागला. झालं असं की मागच्या पावसाळ्यात 'मोफत तपासणी'ची जाहिरात वाचून बाबांनी फोन केला. टापटीप कपड्यांतले एक साहेब आले. त्यांनी हातातल्या यंत्राच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या, यंत्र टुंई टुंई वाजलं, लाल दिवा लागला. घरचे सगळे गंभीर! मग साहेबांनी चकचकीत कागदावर एस्टिमेट लिहिलं : ४८ हजार रुपये. खोलीच्या आतून तीन थर, दहा वर्षांची गॅरंटी. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. तू शिकतोयस ना हेच?"

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला आकृती आठवत होती, पण भिंत वाचता येत नव्हती. मी "बघू" म्हणालो आणि बाहेर आलो. सात मार्क घेणाऱ्याला एवढंच उत्तर आलं.

कॉलेजात आल्यावर लॅबमधल्या सरांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न विचारले. यंत्र कशावर चालतं? विजेच्या रोधावर. ओल्या भिंतीतून वीज सहज जाते, पण क्षार साचलेल्या भिंतीतूनही जातेच की! म्हणजे लोणा लागलेल्या भिंतीवर ते यंत्र वाजणारच. शिवाय अशी बरीच यंत्रं लाकडासाठी बेतलेली असतात, गिलाव्यावर त्यांचा आकडा खरा धरता येत नाही. यंत्र 'इथे काहीतरी आहे' एवढं सांगतं, पाणी कुठून आलं ते सांगत नाही. सर म्हणाले, "पाणी शोध. बुरशी ही पाण्याची पावती आहे."

मग सुट्टीत घरी जाऊन मी दोन प्रयोग केले. दोन्हींचा मिळून खर्च वीस रुपये.

पहिला, प्लॅस्टिकचा. भिंतीचा वीतभर भाग खरवडून, पुसून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला आणि दोन दिवस ठेवला. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर दमटपणा हवेतला. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतूनच येतंय. आजी हे सगळं खाटेवरून बघत होती. म्हणाली, "काहून पट्टी लावू लागलास रे भिंतीला? तिला ताप आलाय का?" तिसऱ्या दिवशी पाहिलं तर थेंब भिंतीच्या बाजूला!

दुसरा, हौदाचा. रात्री नळ, मोटर, सगळं बंद. हौदात पाण्याच्या पातळीवर खिळ्याने रेघ ओढली आणि झाकण लावलं. बारा तासांनी पाणी एक सेंटिमीटर खाली. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मलाही वाटलं. पण हौद सहा फूट बाय पाच फूट. हिशेब केला तर साधारण २८ लिटर! याच वेगाने दहा दिवस धरले तर साडेपाचशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पावणेतीन ड्रम. कोपऱ्यात, जिथे तळ आणि भिंत जुळतात, तिथे गिलाव्याला केसासारखी भेग होती.

आता दुरुस्तीसाठी हौद रिकामा करायचा. इथे खरी परीक्षा होती, कारण आई आडवी आली. "टँकरचं पाणी ओतून द्यायचं? तुझ्या प्रयोगासाठी?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईने २०१३ काढलं, तिच्यासमोर 'हौद रिकामा कर' म्हणणं सोपं नाही. मी तिला डीपीसी सांगितला नाही, बुरशीही नाही. फक्त ड्रमचा हिशेब सांगितला. पावणेतीन ड्रम ऐकल्यावर ती गप्प झाली. नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी उरलेलं पाणी शेजाऱ्यांच्या ड्रममध्ये नेऊन ठेवलं, मिस्त्री आला, कोपरे गोल करून वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घालून आतून नवा गिलावा झाला. साहित्य आणि मजुरी मिळून साडेसात हजार. एजंटने सुचवलेले थर आतून मारले असते तर पाणी हौदातून गळतच राहिलं असतं, फक्त फुगवटा दुसरीकडे आला असता.

आजीला तोवर पुढच्या खोलीत हलवलं. लोणा लागलेला गिलावा खरवडून काढला, पण आधी ओला करून, तोंडाला मास्क बांधून. कोरडी बुरशी झाडूने झटकली तर तिचे बीजाणू घरभर उडतात. राहिलेले डाग साबणाच्या पाण्याने धुतले. भिंत वाळायला अख्खा हिवाळा गेला. आजीचा खोकला आता कमी आहे. पण मधल्या काळात डॉक्टरांनी औषधही बदललं, म्हणून सगळं श्रेय मी हौदाला देणार नाही. वास मात्र गेला, एवढं नक्की.

आता माझं मत. घरातल्या ओलीची आणि बुरशीची रीतसर तपासणी हा परदेशात धंदा आहे. दमटपणा मोजणारं यंत्र, तापमानातला फरक दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा, हवेचे नमुने, लॅबचा रिपोर्ट, सगळा थाट असतो. आपल्याकडेही मोठ्या शहरांत हे आलं आहे, उद्या आपल्या गल्लीतही येईल. यायलाच हवं. पण त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आपण आधी ठरवलं पाहिजे.

सोडायचं काय, तर आकड्यांचा बागुलबुवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या दमटपणावर मार्गदर्शिका काढली. त्यात हवेतल्या बुरशीचा 'इतकी चालेल' असा आकडा दिलेला नाही. ओल आणि बुरशी होऊच देऊ नका, यावर भर आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्थासुद्धा सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते, आणि दहा चौरस फुटांहून कमी जागा असेल तर साधारणपणे घरच्या घरी साफ करता येते. म्हणजे हजारो रुपये मोजून बुरशीचं नाव-गाव काढण्यापेक्षा पाण्याचं नाव-गाव काढा.

आणि घ्यायचं काय, तर एक साधा नियम : तपासणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा. न्यूयॉर्क राज्यात २०१६पासून कायदाच आहे की एकाच घराची बुरशी तपासणाऱ्याने तिथे काढण्याचं कामही घ्यायचं नाही. आमच्याकडे आलेले साहेब वाईट होते असं नाही. पण ज्याच्या बॅगेत फक्त रंगाचे डबे आहेत, त्याला प्रत्येक भिंतीत रंगाचीच कमी दिसणार. तपासणी मोफत होती, कारण तिची किंमत एस्टिमेटमध्ये होती!

कुणी म्हणेल, ओलीचं एवढं काय? इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२०मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे झालेला श्वसनाचा आजार हेच कारण, असा निष्कर्ष तिथल्या अधिकाऱ्यांनी २०२२मध्ये चौकशीअंती काढला. त्याच्या वडिलांनी २०१७पासून तक्रार केली होती. त्यांना काय सांगितलं गेलं? वरून रंग मारून घ्या! आता तिथे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आहे. ऑक्टोबर २०२५पासून सार्वजनिक घरमालकांना अशा गंभीर तक्रारीची तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांत करावी लागते. एवढ्या श्रीमंत देशातही 'रंग मारा' हेच उत्तर मिळत होतं हे वाचून मला आमच्या तीन दिवाळ्या आठवल्या.

आपल्याकडे तर तपासणीची परंपराच होती. आजी सांगते, त्यांचं गावाकडचं घर धाब्याचं. मृग निघायच्या आधी दरवर्षी धाब्यावर चढून पांढरी माती टाकायची, भेगा दाबायच्या, पन्हळ्या मोकळ्या करायच्या. कुणी बोलवायची वाट बघत नव्हतं. स्लॅब आला आणि आपण समजलो की आता बघायचं काम संपलं. ज्या जालन्याची सळई राज्यभर जाते, त्या जालन्यातल्याच स्लॅबमधली सळई ओलीने गंजून, फुगून काँक्रीट पाडते. 'जालना सोने का पालना' म्हणतात, पण पाळण्याच्या वरचा स्लॅब कुणी बघायचा?

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या विभागाने दर मे महिन्यात, मृगाच्या आधी, गावातल्या घरांची ओल-तपासणी करावी. चार-चार जणांचा गट, बरोबर एक सर. हौदाची रेघ, प्लॅस्टिकचा तुकडा, गच्चीचा उतार, पाइपाचे सांधे, न्हाणीची फरशी. शिवाय कूलर : खिडक्या बंद ठेवून तो चालवला तर सगळी वाफ घरातच राहते, हे कितीतरी घरांत माहीत नाही. शेवटी एका कागदावर लिहून द्यायचं की पाणी इथून येतंय. काही विकायचं नाही. फ्लॅट नवा असेल तर हेही सांगायचं की रेरा नोंदणीच्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो.

'अर्धवट पोरं चुकीचं सांगतील' हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मर्यादा हवी. आपण फक्त पाणी शोधायचं. सळई उघडी पडलेली दिसली, स्लॅब वाकलेला दिसला की तिथेच थांबायचं आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा असं सांगायचं. आणि कागदावर सही सरांची. ओलीसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ३०६७. मी ते आमचा हौद दुरुस्त झाल्यावर वाचलं, तुम्ही आधी वाचा.

तोपर्यंत एक काम करा. या शनिवारी घरी जाल तेव्हा पलंग भिंतीपासून हातभर ओढा आणि मागे बघा. काही दिसलं तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी रात्री हौदावर एक रेघ ओढा. आठ मार्कांचा प्रश्न आहे, आणि तो परीक्षेपेक्षा घरीच जास्त वेळा येतो. बघा, पटतंय का!