हरलेल्या संघाचं दुसरं वर्ष

१६ मार्च २०१८. अमेरिकेतल्या शार्लट शहरात व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मैदानात उतरला तेव्हा त्याला पूर्ण स्पर्धेत अव्वल मानांकन होतं. समोर होता बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी या विद्यापीठाचा संघ. मानांकन सोळावं, म्हणजे आपल्या गटात तळाचं. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तोवर पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाच्या १३५ लढती झाल्या होत्या आणि १३५ च्या १३५ पहिल्यानं जिंकल्या होत्या.

मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. त्यानंतर व्हर्जिनियाची मुलं कोसळली. देशात सगळ्यात कमी गुण देणारा हा संघ. एरवी अख्ख्या सामन्यात तो जेवढे गुण देई, जवळपास तेवढे, म्हणजे ५३, त्यानं एका उत्तरार्धात दिले. निकाल ७४-५४. प्रशिक्षक टोनी बेनेट पत्रकारांसमोर येऊन बसले. समोरचा संघ आमच्यापेक्षा सरस खेळला, मैदानात उतरायचं तर असे दिवस वाट्याला येणारच, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. डिआंद्रे हंटर हा त्यांचा महत्त्वाचा खेळाडू मनगटाच्या दुखापतीनं बाहेर होता. ती सबब खरी असूनही बेनेट तिच्याआड लपले नाहीत.

बेनेटांचा खेळ संथ आणि चिवट. वडील डिक बेनेट यांनी घडवलेली ‘पॅक लाइन’ बचावपद्धत त्यांनी पुढे नेली. बास्केटच्या भोवती एक अदृश्य कमान कल्पायची आणि चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याला भिडलेला एक गडी सोडून बाकी चौघांनी तिच्या आत राहायचं. आपला साथीदार चुकला तर त्याची जागा भरायला दुसऱ्यानं आधीच सरकलेलं असायचं. हे एका महिन्यात अंगात मुरत नाही. शेजारचा कोणत्या पायावर वळतो, दमला की कुठे ढिला पडतो, हे ठाऊक व्हायला एकत्र घालवलेले हंगाम लागतात.

म्हणून मला त्या पराभवापेक्षा त्यानंतरचा उन्हाळा महत्त्वाचा वाटतो. हंटरला व्यावसायिक लीगची वाट मोकळी होती, तरी तो थांबला. काइल गाय, टाय जेरोम, ममादी डियाकिटे हेही परतले. गायनं त्या रात्रीचा आपलाच हताश फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावून घेतला. बेनेटांनी मुलांना तो पराभव विसरायला सांगितलं नाही. संकट नीट वापरता आलं तर ते एरवी जाता आलं नसतं अशा ठिकाणी नेतं, हा विचार त्यांनी वर्षभर संघापुढे ठेवला.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिलं मानांकन, पुन्हा समोर सोळावा संघ, आणि मध्यंतराला व्हर्जिनिया सहा गुणांनी मागे! गेल्या वर्षीची आठवण प्रत्येकाच्या पोटात गोळा आणत असणार. ही मुलं ७१-५६ अशी जिंकली. पुढच्या फेऱ्यांत पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध जेरोमचा फ्री थ्रो हुकला, डियाकिटेनं चेंडू मागे ढकलला, नवख्या किहे क्लार्कनं तो थेट मागच्या अर्ध्यात पळत जाऊन उचलला आणि लांबून परत डियाकिटेकडेच फेकला. भोंगा वाजता वाजता बरोबरी झाली. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना दोन गुणांनी मागे पडलेल्या संघासाठी गायनं तिन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले. ८ एप्रिल २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये अंतिम सामन्यात टेक्सास टेकवर जादा वेळेत ८५-७७ असा विजय मिळाला, तेव्हा हंटरच्या नावावर २७ गुण होते. त्याच वर्षी बेनेटांनी पगारवाढ नाकारली आणि तो पैसा सहकाऱ्यांवर व इतर खेळांवर खर्च करावा असं सुचवलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हंगाम तोंडावर आलेला असताना ५५ वर्षांचे बेनेट निवृत्त झाले. बदललेल्या व्यवस्थेत आपण या कामाला योग्य उरलो नाही, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापराचे पैसे घेता येतात. त्याच वर्षी संघ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची अट एका बदलापुरती गेली आणि २०२४ मध्ये किती वेळा बदलायचं यावरची मर्यादाही उठली. दर वसंतात हजाराहून जास्त खेळाडू नवं विद्यापीठ शोधत असतात.

पैशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या मुलांच्या घामावर विद्यापीठांनी आणि वाहिन्यांनी दशकानुदशकं कोट्यवधी डॉलर कमावले, त्यातला वाटा त्यांचाच आहे. जाताना बेनेटही हेच म्हणाले. प्रशिक्षक करार मोडून दुसरीकडे जाणार आणि खेळाडू मात्र बांधलेला, ही जुनी रीतही अन्यायाचीच होती. पण २०१८ चा तो संघ आज तसा हरला असता तर? माझ्या अंदाजानं पंधरा दिवसांत निम्मी मुलं पाच विद्यापीठांत पांगली असती. प्रत्येकाला कदाचित चांगली किंमतही मिळाली असती. डियाकिटेकडे मात्र तो पास आला नसता.

अमेरिकन विद्यापीठांनी आता खेळाडूंशी सरळ दोन हंगामांचे करार करावेत. पैसे ठरलेले, शिष्यवृत्ती पक्की, आणि मधेच प्रशिक्षक सोडून गेला तर खेळाडूही मोकळा. हरलेल्या संघाला त्याचं दुसरं वर्ष द्या.