हाळावरचे पाणी

दूधवाल्याशी आपले पिढ्यान् पिढ्या एकच भांडण : दुधात पाणी किती घातलेस? वास्तविक गाय स्वतःच त्यात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणी घालून देते! तेव्हा वाचकहो, यंदा वसुबारसेच्या निमित्ताने मी प्रश्न जरा बदलणार आहे. पाणी किती हे राहू द्या. गाईने प्यायले ते कोणते?

हा प्रश्न मला शिक्रापूरला सुचला. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव कारखान्यांनी आणि नव्या वसाहतींनी गजबजले आहे. पण आसपास गोठे अजून आहेत, आणि पाऊस मात्र पूर्वीइतकाच कंजूष. चासकमानच्या कालव्याचे आवर्तन लांबले, की विहिरी तळ दाखवू लागतात. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागते. पाच गाई म्हणजे रोज चारपाचशे लिटर! तिथल्या एका शेतकऱ्याने मला विचारले, "सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून टँकरनं देतो म्हणत्यात. गुरांना पाजलं तर चालंल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भीमेपलीकडे दौंडच्या बाजूला तो फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. पुणे महापालिका मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘बेबी कालव्या’त, सोडते. करार वर्षाला ६.५ टीएमसीचा; एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. हे पाणी शेताला द्यायचे आणि त्या बदल्यात धरणाचे जादा पाणी शहराने प्यायचे. हिशेब चोख आहे. पण तो पिकांपुरता. कालव्याच्या कडेने चरणाऱ्या तहानलेल्या म्हशीला करार कोण वाचून दाखवणार? शिवाय शहराचे जे सांडपाणी शुद्ध न होताच नदीत जाते, ते मुळामुठेतून रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. नदीवर गुरे उतरतात ती तिथेही.

‘शुद्ध केलेले’ हा शब्द मोठा फसवा आहे. क्लोरीनने पुष्कळ जंतू मरतात. पण पट्टकृमींच्या, म्हणजे टेपवर्मच्या अंड्यांचे कवच टणक, ती क्लोरीनला दाद देत नाहीत. ती तळाशी बसवावी लागतात, नाहीतर गाळून काढावी लागतात. म्हणून ऑस्ट्रेलियात असे पाणी गुरांना पाजण्याआधी जवळजवळ महिनाभर तळ्यात साठवतात किंवा बारीक गाळणीतून काढतात. आणि डुकरांना ते पाजूच देत नाहीत. नेहमीच्या प्रक्रियेने पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. नायट्रेट फार झाले, तर गाईच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि ते चॉकलेटी दिसू लागते. युरिया भरपूर घातलेला चारा आणि असले पाणी एकत्र आले, की धोका दुणावतो. कारखान्याचे पाणी त्यात मिसळले असेल, तर शिसे वगैरे धातूंची भीती वेगळीच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापराप्रमाणे पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. त्यांत माणसाचे पिणे आहे, आंघोळ आहे, मासे आणि वन्य प्राणी आहेत, शेती आहे. गोठ्यातल्या गाईला स्वतंत्र वर्ग नाही! जिला आपण माता म्हणतो, तिची ही व्यवस्था.

मग त्या शेतकऱ्याला काय सांगावे? मी सांगितले ते असे : टँकरचे पाणी शेताला आणि झाडांना द्या, गोठ्याची फरशी धुवा. त्यामुळे विहिरीचे जे पाणी वाचेल, ते हाळात भरा. कास, चरवी आणि दुधाचे कॅन मात्र स्वच्छ पाण्यानेच धुवा. कारण घाण दुधात शिरते ती बहुधा गाईच्या पोटातून नव्हे, धुण्याच्या पाण्यातून. आणि पाजण्याखेरीज गत्यंतरच नसेल, तर आधी प्रयोगशाळेचा तपासणीचा कागद मागा आणि पशुवैद्याला दाखवा. टँकरवाल्याच्या शब्दावर हाळ भरू नका.

त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "आन् हीरच आटली तर?"

ह्याचे उत्तर शिक्रापूरला नाही. ते शहरात, तुमच्या-माझ्या मोरीत आहे. उरलेला रंग, मुदत संपलेली औषधे, तेजाब हे सगळे आपण निर्धास्तपणे गटारात ओततो. आणि आपल्या भागातले शुद्धीकरण केंद्र नीट चालते की नाही, हे विचारायला कधी जात नाही. इमारतीच्या सभेत दिव्यांच्या माळांवर तासभर वाद होतो, सांडपाण्याच्या यंत्रावर पाच मिनिटे नाही. ते पाणी आपल्या दृष्टीने संपलेले असते. पण पुण्याहून ते खाली दौंडकडे जाते, आणि त्याच मुलखातून पहाटे आपले दूध वर येते.